सीसीआयई एंटरप्रायझ लॅबसाठी (सिस्कोच्या तज्ज्ञ पातळीच्या नेटवर्किंग प्रमाणपत्राची प्रात्यक्षिक परीक्षा) कोणतं मटेरियल घ्यावं? नोकरी सांभाळून अभ्यासात लक्ष कसं टिकवायचं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, 'सिनियर म्हणतात वर्कबुक (सरावाच्या तयार टास्कचं पुस्तक) पाठ कर, सुटशील'. तेवढ्यासाठी उत्तर लिहायला बसलो.

आमच्या एनओसीतही (नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रात) असेच एक साहेब होते. ईमेलच्या सहीत सीसीआयई नंबर, आणि मी आरएफसी 2328 (राउटर एकमेकांना मार्ग कळवतात त्या ओएसपीएफ प्रोटोकॉलचं मानक) उघडून बसलो की टोमणा ठरलेला, "हे वाचून कुणाचा पगार वाढलाय का रे?" एका रात्री एका बँकेच्या शाखेचा राउटर बदलला आणि ओएसपीएफ एक्सस्टार्टलाच, म्हणजे माहितीची देवाणघेवाण सुरू होण्याच्या टप्प्यावरच, अडकलं. पिंग जातोय, हॅलो (ओळखीची पॅकेट) येतायत, एरिया तोच, टायमर तेच. साहेबांनी प्रोसेस क्लिअर केली. परत केली. मग राउटर रीलोड करायला लावला. कॉलवर बँकेचा माणूस सारखा "अपडेट काय?" मी दोन्हीकडचं 'शो आयपी इंटरफेस' शेजारी शेजारी लावलं. आपल्याकडे एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) 1500, तिकडे कुठल्यातरी जुन्या टेम्प्लेटमधून आलेला 1400. हॅलोत एमटीयू नसतोच, डीबीडीत (डेटाबेसचा सारांश देणाऱ्या पॅकेटमध्ये) असतो, आणि ज्याचा आकडा लहान तो मोठ्याचं डीबीडी टाकून देतो. ती ओळ काढली, नेबर फुल, म्हणजे जोडणी पूर्ण. साहेब काय म्हणाले? "वर्कबुकमध्ये असं नव्हतं."

तर मटेरियल. एकच व्हिडिओ कोर्स घ्या, कुठलाही चालेल, पण तोच संपवा. बाकी सगळं सिस्कोच्या कॉन्फिगरेशन गाइडमधून. लॅबमध्येही तेच डॉक्युमेंटेशन समोर असतं, त्यामुळे कुठलं पान कुठे आहे याचा हात बसलेला हवा. सरावाला ईव्ह-एनजी, म्हणजे संगणकावरच आभासी नेटवर्क उभं करणारं सॉफ्टवेअर. सिस्कोचं तसंच सीएमएल पर्सनलही चांगलं आहे, पण तिथे 20 नोडची (आभासी उपकरणांची) मर्यादा. वर्कबुक आणा, मात्र प्रत्येक टास्क झाला की मित्राला तो मोडायला सांगा आणि तुम्ही शोधा. पेपर 8 तासांचा, त्यातले 5 तास डिप्लॉय, ऑपरेट अँड ऑप्टिमाइझचे. तिथे पाठांतर कुठवर पुरणार?

लक्षाचं म्हणाल, तर मला पहाटे उठून अभ्यास कधी जमला नाही आणि ज्यांना जमतो त्यांच्यावर माझा फारसा विश्वासही नाही. नाइट शिफ्टला तिकिटं शांत असली की लॅब चालू करायची, एवढंच माझं तंत्र. टेलिग्रामवरचे 'स्टडी ग्रुप' मात्र आजच सोडा. तिथे अभ्यास कमी आणि डंपची (फुटलेल्या प्रश्नांची) दुकानदारी जास्त.

हो, एन्कोर (लॅबआधीची लेखी परीक्षा) पास झाल्यापासून 3 वर्षांत लॅब द्यावी लागते, आणि फी लाखाच्या वर जाते. कंपनी भरत असेल तर बाँडची अट आधी वाचा. डिझाइनच्या 3 तासांत मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, त्याचा सराव वेगळा करा. शिवाय एसडी-वॅनचे (शाखांचं नेटवर्क सॉफ्टवेअरने एका जागेवरून चालवण्याचं तंत्र) कंट्रोलर घरच्या साध्या लॅपटॉपला सहसा झेपत नाहीत, त्या भागासाठी भाड्याचा रॅकच (ऑनलाइन वापरायची तयार लॅब) बघा.