रात्रपाळी आणि दिवसाची झोप

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रात तुझी रात्रपाळी सुरू झाली असून आठवड्याभरात शरीराला तिची सवय होईल, असे तू लिहिले आहेस. तशी सवय सहसा होत नाही. अंधार पडला की मेंदूतील पिनियल ग्रंथी झोपेची वेळ सांगणारे मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि रात्री दोन ते चारच्या सुमारास ते रक्तात सर्वाधिक असते. सावध ठेवणारे कॉर्टिसॉल मात्र मध्यरात्रीच्या आसपास अगदी कमी असते आणि पहाटेकडे चढू लागते. शरीराचे हे आतले घड्याळ डोळ्यांत जाणाऱ्या उजेडावर लागते, आणि सकाळी तू मोटरसायकलने गावाकडे निघतोस तेव्हा समोरचे ऊन ते पुन्हा दिवसावर आणून ठेवते.

आता जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा, हंगाम आहे, म्हणून एक गोष्ट विशेष सांगतो. कापसाच्या गंजीची आग वरून विझली तरी आत धुमसत राहते, त्यामुळे गंजी उपसत, पाणी मारत पहाटेपर्यंत थांबावे लागते. ज्वाळा समोर असताना झोप येत नाही. धोका या कंटाळवाण्या राखणीत आणि त्यानंतर बंब परत आणताना असतो. सलग १७ तास जागलेल्या माणसाची सावधता १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असल्याइतकी खालावते, असे १९९७ साली प्रयोगातून दिसले, आणि आपल्या कायद्यात वाहन चालवण्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमच आहे. म्हणून चालकाशेजारी बसणाऱ्याने डोळा लावू नये, त्याच्याशी बोलत राहावे.

आगीची वर्दी आलेली नसेल आणि अधिकाऱ्यांची परवानगी असेल, तर वीसेक मिनिटे पडून घे. गाढ झोपेतून घंटेने उठलेल्या माणसाचे डोके पुढचा अर्धा तासही जड राहू शकते, म्हणून निघताना पत्ता आणि हुकूम मोठ्याने परत म्हणायची शिस्त पाळा. चहा पहाटेनंतर नको. त्याचा परिणाम दिवसाच्या झोपेवर होतो.

घरची झोप हाही नोकरीचाच भाग समज. खिडकीला जाड गोधडी लाव, उन्हाळ्यात कूलर असलेली खोली घे, आणि दुपारी हाक मारू नये हे आईला नीट समजावून सांग. कृषिपंपाची वीज रात्री येते म्हणून सुटीच्या रात्रीही तू हरभऱ्याला ओलीत करायला जातोस, हे मला फार काळजीचे वाटते. हंगामापुरते ते काम मोठ्या भावाने घ्यावे, मी त्याच्याशी बोलतो. डोळे मिटत असतील तर गाडी काढू नकोस, केंद्रातच तासभर झोपून मग नीघ. झोपेच्या किंवा मेलाटोनिनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस.

तुमच्याकडे पाळ्या कोणत्या क्रमाने फिरतात ते कळव. सकाळ, दुपार, रात्र असा क्रम शरीराला उलट्या क्रमापेक्षा सोपा जातो. तसा नसेल तर केंद्रप्रमुखांना द्यायच्या अर्जाचा मसुदा मी पाठवतो.