आधीचं लिही

पोरा,

परवा नेरूळच्या ज्वेल तलावाकाठी चालताना तू मोबाइल पुढे केलास आणि विचारलंस, "काका, एमआरआय केला तर कळेल ना, गेम खेळून माझा मेंदू किती खराब झालाय ते?" मी नुसतं "बघू" म्हणालो आणि पुढे निघालो. तुला वाटलं असेल काकांना घाई आहे. घाई कसली, निवृत्त माणूस मी. उत्तर घशाशी आलं होतं, पण तुझ्या आईसमोर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून हे पत्र.

तू हुशार आहेस, चांगला आहेस वगैरे लिहीत बसत नाही. दोन केट्या लागल्या, दोन विषय राहिले, म्हणून ते खोटं ठरत नाही. कामाचं बोलू.

तुझ्या मोबाइलवरचं ते चित्र. एकीकडे कोकेन घेणाऱ्याचा मेंदू, दुसरीकडे गेम खेळणाऱ्याचा, दोन्हींत तांबडे-पिवळे डाग. अरे, मी एकतीस वर्षं स्कॅनच्या खोलीत काढली, आधी सीटी, मग एमआरआय. तो रंग मेंदूत नसतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे प्राणवायूचं ताजं रक्त जास्त जातं आणि त्याने मशीनला मिळणारा सिग्नल एखाद-दोन टक्क्यांनी हलतो. एवढासा फरक एकदा बघून हाती लागत नाही. म्हणून तेच तेच पुन्हा पुन्हा दाखवायचं, पुष्कळ माणसांचं एकत्र करायचं, सरासरी काढायची. त्यात जो ठिपका ठरवलेल्या रेषेच्या वर गेला त्याला कॉम्प्युटर लाल करतो. म्हणजे ते चित्र सरासरीचं, कुणा एकाच्या डोक्याचं नव्हे. एकट्या माणसाचा स्कॅन बघून "याला गेमचं व्यसन आहे" असा रिपोर्ट देणारा रेडिओलॉजिस्ट मी पाहिला नाही.

तसं सांगणारा टेक्निशियन मात्र पाहिलाय. तो मीच.

२०१९ ची गोष्ट. आमचा मुलगा अकरावीत, रात्ररात्र पबजी. ओरडून झालं, वायफाय काढून झालं. एका रविवारी मशीन रिकामं होतं. डॉक्टरची चिठ्ठी नाही, काही नाही, मी त्याला टेबलावर झोपवलं आणि डोक्याचा साधा स्कॅन काढला. मग मशीनच्या कॉम्प्युटरसमोर बसवून मधल्या दोन काळ्या जागांवर बोट ठेवलं. म्हटलं, "हे बघ. हे तुझ्या गेमने झालंय."

त्या जागा तुझ्याही डोक्यात आहेत, माझ्याही. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या त्या, जन्मापासूनच्या. तसल्या स्कॅनमध्ये पाणी काळंच दिसतं. पोरगा बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, "बाबा, परत भरून येतं का?" मी म्हणालो, "बघू."

परवा तुला "बघू" म्हणताना पाय का उचलले ते आता कळलं असेल.

चार दिवस त्याने फोनला हात लावला नाही. पाचव्या दिवसापासून दुप्पट खेळायला लागला. पुढे कधीतरी म्हणाला, "सडलेलाच आहे म्हटल्यावर वाचवायचं काय?" २०२० च्या सप्टेंबरात सरकारने पबजी बंद केला तेव्हा मी पेढे आणले होते. पंधरा दिवसांत तो दुसऱ्या गेमवर. पेढे मात्र संपले.

म्हणून सांगतो, गेमकडे बघू नकोस, गेमच्या आधी काय होतं ते बघ. आणि नुसतं बघू नकोस, लिही. फोन हातात घेण्याच्या आधीची दहा मिनिटं. कुठे होतास, किती वाजले होते, कोण काय बोललं, पोटात काय होतं. आधीचं लिही.

हे माझं घरगुती तत्त्वज्ञान आहे असं समजू नकोस. तैवानमधल्या संशोधकांनी २००९ साली एक प्रयोग छापला. ऑनलाइन गेमच्या आहारी गेलेले दहा जण आणि साधे दहा जण, सगळ्यांना एमआरआयमध्ये घातलं. खेळायला दिलं का? नाही. फक्त गेममधली चित्रं दाखवली. तेवढ्यावर त्या पहिल्या दहा जणांच्या मेंदूतले हव्यासाशी जोडलेले भाग उजळले. चित्रावर! बटणाला बोट न लावता! आणि त्याआधी, नव्वदच्या दशकात, वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदू-संशोधकांनी माकडांवर काम केलं होतं. माकडाला आधी खूण दाखवायची, मग फळांच्या रसाचा थेंब द्यायचा. सुरुवातीला डोपामिनच्या पेशी (डोपामिन म्हणजे ओढ लावणारं मेंदूतलं रसायन) रसावर उसळायच्या. सवय झाल्यावर रस मिळाला तरी गप्प, उसळी सगळी खुणेवर. आणि खूण दाखवून रस दिला नाही, तर ऐन त्या वेळेला पेशी नेहमीपेक्षाही शांत. तू म्हणतोस ना, "खेळताना मजाही येत नाही, तरी सुटत नाही"? मजा केव्हाच निघून गेली, खूण तेवढी उरली. ती खूण कोणती, हे मी सांगू शकत नाही, मशीन सांगू शकत नाही. तुझी वही सांगेल.

आता डोपामिन डिटॉक्स, म्हणजे काही दिवस सगळी मजा बंद ठेवून मेंदू म्हणे साफ करायचा. तुझ्या तोंडी तो शब्द ऐकला आणि खरं सांगतो, कानाखाली द्यावीशी वाटली. डोपामिन म्हणजे काय गटारातला गाळ आहे उपसून टाकायला? ज्यांचं डोपामिन आटतं त्या पार्किन्सनच्या म्हाताऱ्यांना टेबलावर चढवायला आम्ही दोघं लागायचो. १९९८ मध्ये लंडनला आठ पुरुषांना रणगाड्याचा गेम खेळायला देऊन पेट स्कॅन (मेंदूतल्या रसायनांचा माग काढणारा) काढला, खेळताना त्यांचं डोपामिन वाढलेलं दिसलं. हाच प्रयोग सगळे नाचवतात. ते आठ जण व्यसनी नव्हते रे, धडधाकट होते. आणि २०१४ चा बर्लिनचा प्रयोग कुणी फॉरवर्ड करत नाही. तिथे लोकांना दोन महिने रोज अर्धा तास मारिओ खेळायला लावलं, तर मेंदूतला काही ठिकाणचा करडा भाग वाढला. म्हणजे खेळत सूट असं नव्हे. मेंदू करशील तसा घडतो, एवढंच.

टायमर, ॲप लॉक, फोन आईकडे देणं, हे सगळं करून बघ, मी अडवत नाही. पण आधीचं लिहिल्याशिवाय केलंस तर माझ्या पेढ्यांसारखं होईल.

आजार आहे का, हा तुझा खरा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेने गेमचं व्यसन आपल्या आजारांच्या यादीत घेतलंय, १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू आहे. त्यात किती तास खेळता हे विचारलेलंच नाही. ताबा सुटलाय का, बाकी सगळ्याच्या आधी गेम येतोय का, नुकसान दिसत असूनही चालूच आहे का, आणि हे साधारण १२ महिने चाललंय का. तू पहिल्या दोनांना "हो" म्हणशील असं मला वाटतं. तिसऱ्याचं तू ठरव. ठरत नसेल तर १४४१६ ला फोन कर, सरकारची मानसिक आरोग्याची टेली मानस सेवा आहे, मराठीत बोलतात. त्यात लाज कसली? फोन करायच्या आधी मात्र आठवडाभर लिही, म्हणजे "असंच होतं हो" याहून जास्त काही सांगता येईल.

माझ्या मुलाची खूण काय होती, सांगतो. गेल्या वर्षी पुण्याहून आला होता, तेव्हा जेवताना सहज बोलला. रात्री साडेनऊला मी नाइट ड्यूटीला निघायचो, त्याची आई आधीच तिच्या आईच्या आजारपणात अडकलेली. आमच्या मजल्यावर लिफ्टचं लोखंडी दार आपटायचं. "ते दार वाजलं की मी फोन घ्यायचो," म्हणाला. इतकंच. मी त्याच्या डोक्यातल्या काळ्या जागा दाखवत होतो आणि दार मीच आपटत होतो.

नाइट ड्यूटी हौसेने घेतली नव्हती. सिडकोच्या या घराचे हप्ते होते, नाइटला भत्ता मिळायचा, ट्रान्सहार्बरने ठाण्याला जाऊन-येऊन कंबर मोडायची. कुणीही बाप तेच करता. दार हळू लावता आलं असतं, हेही खरं.

शनिवारी सकाळी सातला ज्वेलच्या गेटवर ये. वही कोरी आणलीस तर मी चालणार नाही तुझ्याबरोबर. मीही आणतोय माझी. निवृत्तीपासून रोज रात्री मोबाइलवर पत्ते खेळतो, काकू वैतागते. चार दिवस लिहिलंय. चारही दिवशी वेळ साडेनऊ.

तुझा,
काका