फुकटचं ॲप आणि हवामान खात्याचा फुगा

प्रश्न : हवामानाची ॲप मोबाइलवर फुकट मिळतात. मग सरकारने हवामान खात्यावर पैसा का घालायचा? आणि ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ एवढ्यावर सोयाबीन पेरायचं कसं? – एक वाचक, जि. लातूर

उत्तर : ॲप फुकट असतं, मोजणी नसते. मुंबई, नागपूरसारख्या केंद्रांवरून पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या नोंदीसाठी हायड्रोजनचा फुगा सोडतात. त्याला टांगलेली छोटी डबी तापमान, आर्द्रता, वारा कळवत तीसेक किलोमीटर वर जाते. मग फुगा फुटतो. हे आकडे सगळे देश एकमेकांना देतात. त्यांवर अमेरिका-युरोपची अंदाज काढणारी सरकारी संगणकीय प्रारूपं चालतात आणि बहुतेक ॲप त्यांचेच आकडे दाखवतात.

शिवाय ॲप गाव रिकामं करत नाही. ओडिशात १९९९च्या चक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३मध्ये ‘फायलिन’ त्याच किनाऱ्यावर आलं, तेव्हा खात्याच्या इशाऱ्यावरून लाखो लोक आधीच हलवले होते. मृत्यू पन्नासच्या आसपास राहिले. याच्यासमोर खर्चाचा हिशेब काय मांडायचा?

‘तुरळक’ हा शब्द मोघम नाही. त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, असा त्याचा ठरलेला अर्थ आहे. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ पंचाहत्तरपर्यंत, ‘बहुतांश’ त्याहून जास्त. ‘तुरळक’ असताना आपलं शिवार कोरडं राहण्याचीच शक्यता अधिक, म्हणून त्या भरवशावर पेरू नये. शेतकऱ्यांना हवामानानुसार सल्ला देणारी जिल्हा कृषी हवामान केंद्रं २०२४मध्ये बंद झाली, हे आम्हाला चूक वाटतं. पण कृषी विद्यापीठांमधल्या केंद्रांचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तो जरूर पाहा.

सोयाबीनला ७५ ते १०० मिमी पाऊस ‘झाल्यावर’ पेरा म्हणतात. ॲपमधला आकडा व्हायच्या पावसाचा, तोही कित्येक किलोमीटरच्या चौकोनाची सरासरी. झालेला पाऊस स्वतः मोजा. तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचा, सपाट तळाचा डबा घ्या. निमुळती बादली चालत नाही, तिच्यात पाणी जास्त चढतं. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या दुप्पट अंतरावर तो ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टी उभी धरून मिमी वाचा, लिहा आणि डबा रिता करा. खात्याच्या नोंदीची वेळही हीच, त्यामुळे जवळच्या केंद्राच्या आकड्याशी ताडून पाहता येईल.