हिरवळीवर उगवलेली पांढरी अळंबी खाण्याजोगी आहे की विषारी, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की पाऊस झाल्यावर हिरवळीवर गोल रिंगण धरून मोठ्या पांढऱ्या अळंब्या उगवल्यात, टोपीवर तपकिरी खवले आहेत, लसणाबरोबर उकळून पाहिल्या तर लसूण काळा पडला नाही, मग खायला काय हरकत?

हरकत आहे, आणि मोठी आहे. पहिल्यांदा ती लसणाची परीक्षा विसरा. काळा पडणारा लसूण, काळवंडणारा चांदीचा चमचा, गोगलगायीने कुरतडलेली टोपी, सहज सोलली जाणारी साल, या सगळ्या ऐकीव गोष्टी. डेथ कॅप ही जगातली बहुधा सर्वांत जीवघेणी अळंबी, पण गोगलगायी ती बिनदिक्कत खातात. तिचं विष उकळून जात नाही, वाळवूनही जात नाही.

तुमच्या फोटोत फक्त टोपी दिसते, म्हणून खात्रीने काही सांगत नाही. पण हिरवळ, रिंगण आणि खवले एकत्र आले की माझ्या मनात पहिलं नाव येतं ते क्लोरोफायलम मॉलिब्डायटीसचं. कोवळी असताना टोपीखालच्या गिल्स, म्हणजे पातळ पट्ट्या, पांढऱ्या असतात, म्हणून माणूस फसतो. टोपी पूर्ण उघडली की त्यांवर हिरवट झाक येते. खाल्ली तर साधारण एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, आणि ते ज्याने भोगलेत तो त्यांना 'साधे' म्हणणार नाही. तिच्यासारखीच दिसणारी पॅरासोल मात्र लोक आवडीने खातात. तिच्या देठावर सापाच्या कातडीसारखी नक्षी असते, पण खरा निकाल बीजाणूंच्या, म्हणजे गिल्समधून गळणाऱ्या बारीक भुकटीच्या, रंगावर लागतो.

तो घरीच पाहता येतो. पूर्ण उघडलेल्या टोपीचा देठ कापा, गिल्स खाली करून टोपी कागदावर ठेवा, वर वाडगं पालथं घाला आणि रात्रभर तशीच राहू द्या. मी पहिल्यांदा केलं तेव्हा पांढरा कागद घेतला होता. सकाळी वाडगं उचललं तर कागद कोरा. टोपी खराब निघाली असं समजून कागद चुरगाळायला घेतला आणि बोटाला पिठासारखं काहीतरी लागलं. ठसा होता, पांढऱ्यावर पांढरा! तेव्हापासून अर्धा काळा, अर्धा पांढरा कागद वापरतो. हिरवट ठसा आला तर क्लोरोफायलम, विषय संपला. चॉकलेटी आला तर अगॅरिकसच्या, म्हणजे बाजारातल्या बटण मशरूमच्या, कुळाकडे बघायचं, पण तिथेही बुडाशी चिरल्यावर भडक पिवळी होणारी, शाईसारखा वास मारणारी एक जात पोट बिघडवते.

ठसा पांढरा आला तर मात्र जास्त जपा. पॅरासोलचा पांढरा, तसाच डेथ कॅपचाही पांढरा. म्हणून अळंबी वरून उपटू नका, सुरीने बाजूची माती मोकळी करून मुळापासून उचला. सुरुवातीला मी टोपीला धरून ओढायचो आणि नेमकी कामाची खूण जमिनीत ठेवून यायचो. डेथ कॅपच्या बुडाशी फाटक्या पिशवीसारखं पांढरं आवरण असतं आणि देठावर झालरीसारखं कडं. कडं कधीकधी गळून पडतं, पिशवी मातीत राहून जाते. मग हातात उरते ती एक निरागस दिसणारी अळंबी.

पिशवी दिसली म्हणजे डेथ कॅपच, असंही नाही. भाताच्या पेंढ्यावर वाढवतात त्या व्होल्व्हॅरिएला अळंबीलाही पिशवी असते. तिला कडं नसतं आणि ठसा गुलाबीसर येतो. पण दोन्ही कोवळेपणी बंद अंड्यासारख्या असतात आणि तेव्हा ठसा मिळतच नाही. आग्नेय आशियातून अमेरिका, ऑस्ट्रेलियात गेलेल्या माणसांचा घात याच सारखेपणाने झालाय. त्यांना अळंब्यांची ओळख नव्हती असं नाही, चांगली होती. पण ती ओळख जिथे डेथ कॅप उगवत नाही त्या जागेची होती. कोणी 'आम्ही लहानपणापासून खातो' म्हणालं की मी विचारतो, कुठे, कोणत्या झाडाखाली?

बंद अंडं सापडलं तर उभं चिरून बघा. आत कोवळ्या टोपीची आणि देठाची आकृती दिसली तर ती पफबॉल, म्हणजे चेंडूसारखी गोल अळंबी, नव्हे. खाण्याजोगी पफबॉल आतून एकसारखी पांढरी, घट्ट असते.

एखादी पोटात गेलीच असेल तर लक्षणांची वाट बघू नका. डेथ कॅपने बहुतेक वेळा सहा ते बारा तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरं वाटतं आणि त्याच दिवशी आत यकृत निकामी होत असतं. लवकर उलट्या झाल्या म्हणून निर्धास्तही होऊ नका, ताटात दोन जाती मिसळलेल्या असू शकतात. उरलेली अळंबी घेऊन थेट दवाखाना गाठा.

हात लावायला भिऊ नका, नुसत्या स्पर्शाने विष चढत नाही. उकळलेल्या टाकून द्या. एक ताजी, पूर्ण उघडलेली, बुडाच्या मातीसकट काढा आणि आज रात्री ठसा घ्या. मग गिल्स, बूड आणि ठसा अशा तिन्हींचे फोटो टाका. अळंबी कागदात गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत सकाळपर्यंत तिचा चिखल होतो.