पायथन शिकू, जावा की गो? डेव्हलपर म्हणून टिकायला नेमकं काय यायला हवं?

तुम्ही लिहिलंय की सहा महिन्यांत या तिन्ही प्रोग्रामिंग भाषांचे कोर्स अर्धवट सोडले, कारण दर वेळी कुणीतरी ‘ही भाषा आता संपली’ असं सांगितलं. मला काळजी वाटते ती या अर्धवट राहण्याची. भाषा अशा झटकन संपत नाहीत. १९५९ साली जिचं काम सुरू झालं ती कोबोल अजूनही बँकांच्या जुन्या यंत्रणांमध्ये चालू आहे. आणि जिला सगळे नवी समजतात ती पायथन १९९१ची, म्हणजे जावापेक्षा चार वर्षांनी मोठी!

एक अनुभव सांगतो. माझ्या आधीच्या नोकरीत ऑर्डरच्या यादीची एक स्क्रीन होती. उघडायला ९ सेकंद लागायचे. ‘पायथन स्लो आहे, गोमध्ये नव्याने लिहू’ यावर आमच्या तीन मीटिंगा झाल्या, आणि गोच्या बाजूने सगळ्यात जोरात मीच बोलत होतो. चौथ्या दिवशी एका सहकारी बाईंनी काही न बोलता डेटाबेसचा क्वेरी लॉग, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाची (क्वेरीची) नोंद, उघडला आणि खाली सरकवत राहिल्या. एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती, बदलत होता तो फक्त ग्राहकाचा क्रमांक. यादीत ५०० ऑर्डर होत्या. त्या आणायला एक क्वेरी, आणि मग लूपमध्ये, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करत, प्रत्येक ग्राहकाचं नाव आणायला वेगळी क्वेरी. एका स्क्रीनसाठी डेटाबेसकडे ५०१ हेलपाटे! त्यांनी जॉइन लावून, म्हणजे ऑर्डर आणि ग्राहक ही दोन्ही टेबलं जोडून, एकच क्वेरी केली आणि स्क्रीन लगेच उघडू लागली. आम्ही गोमध्ये लिहिलं असतं तर तेच हेलपाटे गोने घातले असते.

त्या बाईंना जे येत होतं ते शिका: लॉग वाचणं, एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा), एरर मेसेज शेवटपर्यंत वाचणं, दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमधून वाट काढणं. हे एकदा अंगवळणी पडलं की दुसरी भाषा शिकणं पहिल्याइतकं जड जात नाही.

आजच करून बघा. पायथनमध्ये ०.१ + ०.२ लिहा. उत्तर ०.३०००००००००००००००४ येईल. जावास्क्रिप्टमध्येही तेच, जावामध्येही तेच. दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा कधी पुरा लिहून होत नाही, तसा ०.१ संगणकाच्या बायनरीत (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या पद्धतीत) होत नाही. हे ज्याला ठाऊक आहे तो हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्लोट (असे अंदाजे साठवलेले दशांश आकडे) वापरणार नाही, भाषा कोणतीही असो.

म्हणून सगळ्या भाषा सारख्याच, असं मात्र मी म्हणणार नाही. २०१४ साली उघडकीला आलेली हार्टब्लीड ही त्रुटी सी या भाषेत लिहिलेल्या ओपनएसएसएलमध्ये (इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) होती. समोरच्याने सांगितलेली मजकुराची लांबी न तपासता सर्व्हर आपल्या मेमरीतला मजकूर परत पाठवत होता. रस्टसारखी भाषा मेमरीचं असं हद्दीबाहेरचं वाचन सहसा होऊ देत नाही. ब्राउझर किंवा ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणाऱ्यांसाठी ‘भाषा कोणती’ हा वाद खरा आहे, महत्त्वाचा आहे. तुम्ही आज त्या टप्प्यावर नाही.

पायथनचा कोर्स निम्म्याहून जास्त झालाय ना? तोच पुरा करा. मग एखादा लहानसा ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असा) प्रकल्प घ्या, त्यातला न सुटलेला एक बग निवडा आणि कोडला हात न लावता आधी तो बग तुमच्या मशीनवर घडवून दाखवा. पहिल्या खेपेला आठवडा लागला तरी सोडू नका.