‘रेन चेक’ म्हणजे नकार समजायचा का?

अमेरिकेतल्या सहकाऱ्याला तुम्ही जेवायला बोलावलंत, त्याचं उत्तर आलं ‘कॅन आय टेक अ रेन चेक?’ आणि आता त्याला पुन्हा विचारावं की तो टाळतोय असं समजावं, हा तुमचा प्रश्न. पुन्हा विचारा. ‘आज जमत नाही, पण बोलावणं शिल्लक ठेवा’ एवढंच त्याने म्हटलंय. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे क्लायंटच्या मॅनेजरला हेच लिहिलं तर चालेल का याचं उत्तर शेवटी देते, कारण तिथे जपायला हवं.

हा शब्द बेसबॉलच्या मैदानावरचा आहे. बेसबॉलमध्ये नऊ इनिंग असतात आणि साधारण पाच झाल्या की सामना अधिकृत धरायचा, अशी जुनी पद्धत. त्याआधीच पावसाने खेळ बंद पडला तर प्रेक्षकाचे पैसे पाण्यात. म्हणून १८८० च्या दशकात तिथले क्लब अशा प्रेक्षकांना पुढच्या एखाद्या सामन्याला पुन्हा पैसे न घेता आत सोडू लागले. पण मग कुंपणावरून उडी मारून फुकट घुसलेलेही पाऊस आला की हक्काने नवं तिकीट मागायचे! त्यावरचा उपाय म्हणजे तिकिटाचा फाडून जवळ ठेवायचा अर्धा भाग. त्याचं श्रेय बहुतेकदा न्यू ऑर्लिन्सचा बेसबॉल संघ चालवणाऱ्या ॲबनर पॉवेल यांना दिलं जातं. ज्याच्याकडे तो तुकडा, त्यालाच पुढचा प्रवेश; आणि तो तुकडा म्हणजे रेन चेक. इथला ‘चेक’ बँकेचा नाही आणि तपासणीचाही नाही. सामान ठेवून घेताना हातात देतात त्या बिल्ल्याच्या जातीचा तो आहे. काही जण ‘रेन चेक घेऊया’ हे ‘एकदा आढावा घेऊया’ अशा अर्थाने लिहितात, ते साफ चूक आहे.

अमेरिकेतल्या दुकानांतही हा शब्द रुळलाय. जाहिरातीत सवलतीत दिलेला माल संपला असेल तर दुकानदार चिठ्ठी लिहून देतो आणि माल आल्यावर त्याच सवलतीच्या भावाने देतो. किराणा दुकानांच्या जाहिरातींबद्दल तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनचा, म्हणजे व्यापारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, जो नियम आहे, त्यात अशा रेन चेकचा उल्लेख आहे.

आमंत्रणाच्या बाबतीतही व्यवहार तोच, फक्त कागद नसतो. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिकिटाचा तुकडा घेऊन परत यायचं काम प्रेक्षकाचं असतं. म्हणजे ज्याने रेन चेक मागितला, पुढचा दिवस त्यानेच सुचवायला हवा. मनापासून मागणारा माणूस तसं करतोही: ‘आज नाही जमणार, पुढच्या गुरुवारी चालेल?’ नुसतं ‘रेन चेक?’ लिहून पुढे काहीच नाही, तरी पहिल्या वेळी शंका घेऊ नये. माणसं कामात असतात. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत आणि पुन्हा तारखेशिवाय तेच उत्तर आलं, तर तो सभ्य नकार समजा आणि आमंत्रण त्याच्यावर सोपवा: ‘तुम्हाला सवड झाली की कळवा.’ आपल्याकडचं ‘येऊ की एकदा निवांत’ आपण जसं बोलणाऱ्याच्या सुरावरून ओळखतो, तसं इथे तारखेवरून ओळखायचं.

वापरताना क्रियापद सांभाळा. पाहुणा रेन चेक ‘टेक’ करतो, यजमान ‘गिव्ह’ करतो. म्हणून तुम्हीच बोलावलं असेल आणि तुम्हालाच अडचण आली, तर ‘आय विल टेक अ रेन चेक’ म्हणू नका. सरळ दिलगिरी व्यक्त करून नवा दिवस द्या. कशाबद्दल ते सांगताना ‘ऑन’ येतं: ‘अ रेन चेक ऑन डिनर’. मधला ‘अ’ गाळू नका. ब्रिटनमध्ये अर्थ कळतो, पण कानाला तो अमेरिकीच लागतो.

पुन्हा होणाऱ्या गोष्टींनाच हा शब्द शोभतो: जेवण, कॉफी, सिनेमा, शनिवारची पार्टी. लग्नाच्या आमंत्रणाला किंवा अंत्यविधीच्या निरोपाला रेन चेक म्हटलं तर समोरचा दुखावेल, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही. ती वेळ परत येत नाही.

आता क्लायंटचा मॅनेजर. त्याने टीमबरोबर जेवायला बोलावलं असेल आणि एरवीही तुमच्याशी मोकळेपणाने बोलत असेल, तर खुशाल लिहा, पण तारखेसकट: ‘कॅन आय टेक अ रेन चेक? आय ॲम फ्री नेक्स्ट वीक.’ ठरलेली मीटिंग पुढे ढकलायची असेल तर ‘कॅन वी रीशेड्यूल?’ हेच बरं. आणि द्यायचं काम उशिरा होणार असेल, तर तिथे हा शब्द अजिबात नको. मुदत वाढवून मागतोय हे स्पष्ट लिहा, कारण द्या आणि कोणत्या दिवशी देणार ते सांगा. कामाच्या बाबतीत ‘रेन चेक’ वाचून त्याला वाटेल की उशीर तुम्ही हसण्यावारी नेताय.