बोअरवर सौरपंप घेतला तर तो खरंच पर्यावरणाला चांगला का?

लातूरकडचा प्रश्न आहे म्हणून सांगतो: घ्या, पण त्यानं विजेचा प्रश्न सुटतो, पाण्याचा नाही.

आमच्याकडे तिसरं वर्ष आहे. रात्री दोनला बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाणं, पायाखाली साप-विंचू, ते सगळं संपलं. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत १० टक्के रक्कम भरावी लागते, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाचपर्यंत ५, त्यापुढे साडेसात.

गोम वेगळीच आहे. बिल येत नाही, त्यामुळे मोटार बंद करायची आठवणच राहत नाही. ऊन आहे तोवर उपसा चालू. आपल्या काळ्या पाषाणात पाणी साठतं ते भेगांत आणि मुरमाच्या थरात, तेही मोजकंच. एप्रिलमध्ये आमचा पाईप अकरा वाजताच फुसफुसायला लागतो, हवा सोडतो, आणि वर पॅनल मात्र ऐन भरात! २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हाही उन्हाला काही तोटा नव्हता.

म्हणून आधी ठिबक करा, मग पंप. सौरपंप आला म्हणून ऊस वाढवणार असाल तर नकोच. पॅनल पहाटेच ओल्या फडक्यानं पुसा, तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका. ढगाळ दिवसांत पाणी कमी येणार हे धरून चला. सध्या डिझेल इंजिन असेल तर मात्र फार विचार करू नका, उद्याच अर्ज भरा.